राष्ट्र म्हणजे धडधाकटांची मिरास आहे काय?

३० जून १९७८ रोजी लॉस एंजेलिसच्या फेडरल न्यायालयात न्यायाधीश जेसी कर्टिस यांनी दहा मेक्सिकन बायांचा दावा फेटाळून लावला. आम्ही बाळंतपणासाठी सरकारी इस्पितळात गेलो आणि तिथे आम्हाला फसवून, धाकदपटशा दाखवून किंवा काहीच न सांगता आमची कूस कायमची बंद करण्यात आली, एवढेच त्या सांगत होत्या. शस्त्रक्रिया झाल्या हे न्यायाधीशांनी मान्य केले. बायांना दुःख झाले हेही मान्य केले. मात्र डॉक्टर आणि रुग्ण यांच्यात नीट बोलणे झाले नाही, डॉक्टरांच्या मनात वाईट काही नव्हते, असा निर्वाळा देऊन त्यांनी साऱ्यांना निर्दोष ठरवले. एकाच इस्पितळात, एकामागून एक, दर वेळी बाईच्याच पोटावर सुरी चालवणारा हा कसला गैरसमज? गैरसमजाने कधी एखाद्या डॉक्टरचे नुकसान झाल्याचे कुणी ऐकले आहे काय?

हे इस्पितळ म्हणजे लॉस एंजेलिस काउंटीचे सर्वांत मोठे सार्वजनिक रुग्णालय. शहराच्या पूर्व भागातल्या मेक्सिकन वस्तीला त्याच्याशिवाय आसरा नव्हता. १९६० च्या दशकाची अखेर आणि १९७० च्या दशकाची सुरुवात, तो काळ लोकसंख्येच्या भीतीने पछाडलेला होता आणि कुटुंबनियोजनासाठी सरकारी पैसा नव्याने वाहू लागला होता. कळा सोसणाऱ्या, सिझेरियनसाठी टेबलावर घेतलेल्या, भीतीने अर्धमेल्या झालेल्या बाईसमोर इंग्रजीत छापलेला कागद धरला जाई. तिला इंग्रजी येत नसे. कुणाला सांगितले, सही कर, मगच कळा थांबवण्याचे इंजेक्शन मिळेल. कुणाला सांगितले, तुझ्या नवऱ्याने आधीच सही केली आहे. पुढे आणखी मूल हवे म्हणून दवाखान्यात गेल्यावरच काहींना कळले की आपल्याला आता मूल होणे नाही. हे उजेडात आले ते त्याच रुग्णालयात शिकणाऱ्या बर्नार्ड रोझेनफेल्ड या तरुण डॉक्टराने गुपचूप कागदपत्रे जमवून बाहेर दिली म्हणून. अन्तोनिया एर्नान्देस ही कायद्याची पदवी नुकतीच घेतलेली वकील त्या कागदपत्रांतल्या पत्त्यांवर दारोदार हिंडली. अनेक बायांना आपल्या शरीराचे काय झाले ते पहिल्यांदा तिच्याच तोंडून समजले. डॉक्टरने जे सांगायचे, ते दारात उभ्या राहिलेल्या अनोळखी वकील मुलीला सांगावे लागले!

आणि न्यायालयात काय झाले? कार्लोस वेलेझ-इबान्येस या मानववंशशास्त्रज्ञाने बायांच्या बाजूने साक्ष दिली. ग्रामीण मेक्सिकोतून आलेल्या या बायांसाठी आईपण म्हणजे सगेसोयरे, मान, नवऱ्याबरोबरचे नाते, सारे काही. ते हिरावल्यावर त्या आतून मोडल्या, असे त्याने महिनोन्महिने त्यांच्यात वावरून पाहिले होते. न्यायाधीशांनी हीच साक्ष उलटी फिरवली. या बायांचे दुःख त्यांच्या संस्कृतीतून आलेले आहे, सामान्य अमेरिकन बाईला इतके लागले नसते, आणि डॉक्टरला ही संस्कृती कशी ठाऊक असणार? म्हणजे जखम झाली ती सुरीने नव्हे, जखमीच्या जातकुळीने! अन्यायाला शास्त्राचे वस्त्र चढवण्याची ही रीत आम्ही महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या पाहिली आहे, म्हणून ती लांबूनही ओळखू येते.

मात्र हा एका इस्पितळाचा किंवा एका न्यायाधीशाचा दोष समजणारा फसेल. कॅलिफोर्नियाने १९०९ साली कायदा करून सरकारी संस्थांतल्या ‘मंदबुद्धी’ आणि ‘वेड्या’ माणसांची सक्तीने नसबंदी करण्याचा अधिकार हाती घेतला. तो कायदा रद्द झाला १९७९ मध्ये. सत्तर वर्षे! या सत्तर वर्षांत तिथे सुमारे २०,००० माणसांना वंध्य केले गेले, म्हणजे साऱ्या अमेरिकेतल्या अशा शस्त्रक्रियांपैकी जवळजवळ एक तृतीयांश. ‘चांगल्या’ वंशाच्याच माणसांना मुले व्हावीत असे मानणाऱ्या पासाडेनाच्या सुप्रजननवाद्यांनी या कामगिरीचे गुणगान करणारी पुस्तके छापली आणि १९३३ चा सक्तीच्या नसबंदीचा कायदा करणाऱ्या नाझी जर्मनांनी ती अभ्यासली. आता प्रश्न असा की ‘मंदबुद्धी’ कोण हे ठरवले कुणी? १९२० ते १९४५ या काळातल्या नसबंदीच्या शिफारशींच्या नोंदी संशोधकांनी तपासल्या तेव्हा लॅटिनो स्त्रियांवर ही शस्त्रक्रिया होण्याचा धोका इतर स्त्रियांपेक्षा ५९ टक्क्यांनी आणि लॅटिनो पुरुषांवर इतर पुरुषांपेक्षा २३ टक्क्यांनी जास्त निघाला. स्त्री आणि पुरुष यांच्यातला हा फरकही वाचकांनी नजरेआड करू नये. पोमोनाजवळच्या पॅसिफिक कॉलनीत धाडल्या गेलेल्या किती तरी मेक्सिकन मुलींचा ‘दोष’ एवढाच की त्या घरातून पळाल्या, मुलांबरोबर हिंडल्या, उलट बोलल्या. वंश, लिंग आणि अपंगत्व ही तीन वेगवेगळी पापे नव्हती. एकाच शिक्क्याच्या त्या तीन बाजू होत्या.

१९३९ साली सारा रोसास गार्सिया या आईने आपल्या एकोणीस वर्षांच्या आंद्रेयाला वाचवण्यासाठी या कायद्यालाच आव्हान दिले. वकील होते डेव्हिड मार्कस, ज्यांनी पुढे मेक्सिकन मुलांच्या वेगळ्या शाळांविरुद्ध मेंडेझ खटला जिंकला. शाळांच्या खटल्याचे नाव आज अभिमानाने घेतले जाते. त्या आईचे नाव किती जणांना माहीत आहे? ती न्यायालयात हरली. तिच्या बाजूने एका न्यायमूर्तीचे विरोधी मत तेवढे उरले.

बुद्धी मोजण्याच्या कारखान्याचा पत्ता तर आमच्या हजारो मराठी वाचकांना तोंडपाठ आहे. स्टॅनफर्डचे प्राध्यापक लुइस टर्मन यांनी १९१६ साली बुद्ध्यंक-चाचणीचे पुस्तक लिहिले. नैर्ऋत्येकडच्या मेक्सिकन आणि इंडियन घराण्यांत मंदपणा वंशतःच मुरलेला आहे, त्यांची मुले वेगळ्या वर्गात घालावीत, आणि त्यांची वाढ ही सुप्रजननाच्या दृष्टीने गंभीर समस्या आहे, असे त्यात निःसंकोच मांडले. हातात मोजकी पोरे, डोक्यात आधीच ठरलेला निकाल आणि वर शास्त्राची मोहोर! सिलिकॉन व्हॅलीचे जनक म्हणून ज्यांचा गौरव होतो ते फ्रेडरिक टर्मन हे याच लुइस टर्मन यांचे चिरंजीव. पालो आल्टोत टर्मन नावाची शाळा होती. सुप्रजननवाद्याचे नाव आपल्या मुलांच्या शाळेला नको, असे पालकांनी लावून धरले तेव्हा २०१८ मध्ये ते बदलले. त्या परिसरात राहणाऱ्या, मुलांच्या बुद्धिमत्तेच्या परीक्षांवर जीव टाकणाऱ्या मराठी कुटुंबांनी हा इतिहास वाचावा, अशी आमची कळकळीची विनंती आहे. त्या परीक्षांत आज आपली मुले वर येतात म्हणून ती मोजपट्टी पवित्र ठरत नाही.

टर्मन यांचा सल्ला वाया गेला नाही. १९७० मध्ये सोलेदाद या शेतमजुरांच्या गावातल्या नऊ मुलांच्या वतीने कॅलिफोर्नियाच्या शिक्षण मंडळावर दावा दाखल झाला. घरी स्पॅनिश बोलणाऱ्या या मुलांची चाचणी इंग्रजीत घेऊन त्यांना मतिमंदांच्या वर्गात बसवले होते. त्यांच्या भाषेत पुन्हा परीक्षा घेताच बहुतेकांचे गुण मतिमंदपणाच्या रेषेच्या वर गेले. सरकारने तडजोड केली, घरच्या भाषेत चाचणी घेण्याचे कबूल केले. विजय झाला. त्या विजयाबद्दल आम्हाला पुढे काही कडू बोलायचे आहे.

त्याआधी शेतात जाऊ. कारण हीच सत्ता एका हाताने मेक्सिकन शरीरातले वैगुण्य शोधत होती आणि दुसऱ्या हाताने त्याच शरीराला अपंग करत होती. १९१७ च्या जानेवारीत मेक्सिकोच्या सीमेवरच्या एल पासोच्या पुलावर कार्मेलिता तोरेस या सतरा वर्षांच्या मोलकरणीने सीमा ओलांडताना सक्तीने घातल्या जाणाऱ्या पेट्रोलच्या आंघोळीला नकार दिला आणि तिच्यामागे शेकडो बाया रस्त्यावर उतरल्या. आदल्याच वर्षी त्या शहराच्या तुरुंगात अशाच आंघोळीच्या वेळी आग लागून कैदी जळून मेले होते. तरीही उवा आणि टायफस यांच्या नावाखाली सीमेवरची ही विटंबना चालूच राहिली. मेक्सिकन मजूर तात्पुरते आणणाऱ्या १९४२ ते १९६४ च्या ब्रासेरो योजनेत लाखो मजुरांना उघडे करून रांगेत उभे केले, अंगावर डीडीटीची फवारणी केली, हाताचे घट्टे चाचपून पाहिले. ज्याचे हात मऊ तो परत!

हे मजबूत हात आत घेऊन त्यांचे काय केले? त्यांना आखूड दांड्याची कुदळ दिली. मजूर तिला ‘एल कोर्तितो’ म्हणत. दांडा हातभराचा. लेट्यूसची विरळणी असो की साखरबीटची, दिवसभर कमरेत दुमडून चालायचे. मुकादमाला लांबूनच दिसावे की कोण वाकलेला आहे आणि कोण पाठ सरळ करतो आहे, हा त्या दांड्याचा खरा उपयोग. तरुण वयात मणके झिजले, कायमची कंबर गेली, आणि कंबर गेलेल्या मजुराला पुढल्या हंगामात कुणी विचारले नाही. शेतमजुरांचे पुढारी सेसार चावेझ यांनीही याच कुदळीने आपली पाठ घालवली. कॅलिफोर्नियाचे सेनेटर जॉर्ज मर्फी यांनी तर मेक्सिकनांची अंगकाठीच जमिनीलगत असल्याने त्यांना हे काम जमते, असे तारे तोडल्याचे सर्वश्रुत आहे. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये मजुरांच्या बाजूने निकाल दिला आणि तेव्हा कुठे ती कुदळ गेली. लांब दांड्याची कुदळ जगात शेकडो वर्षे होतीच. फक्त ती हातात द्यायची नव्हती.

इथवर वाचून मान डोलावणाऱ्यांना आता आम्ही खरा प्रश्न विचारतो. या अपमानाला मेक्सिकन समाजाच्या पुढाऱ्यांनी उत्तर काय दिले? उत्तर दिले ते असे : आम्ही दुबळे नाही! आम्ही मंद नाही! आमचा वंश बळकट आहे, आमचे पुरुष मर्द आहेत, आमच्या आया वीरमाता आहेत! हे उत्तर ऐकायला गोड आहे. हे उत्तर घातक आहे.

होसे वास्कोन्सेलोस यांनी क्रांतीनंतर मेक्सिकोचे शिक्षणखाते उभे केले, भिंती चित्रकारांना खुल्या केल्या. आमचे पांडुरंग खानखोजे ज्या मेक्सिकोत चापिंगोच्या कृषिविद्यालयात शिकवत होते आणि दिएगो रिवेरांच्या भित्तिचित्रात जाऊन पोहोचले, तोच हा उमेदीचा काळ. १९२५ साली वास्कोन्सेलोस यांनी साऱ्या वंशांच्या मिश्रणातून उभ्या राहणाऱ्या विश्ववंशाचे स्वप्न मांडले. गोऱ्यांच्या वंशगर्वाला ही सणसणीत चपराक होती, यात शंका नाही. पण त्याच पुस्तकात कुरूप, दरिद्री आणि ‘खालचे’ लोक सौंदर्याच्या ओढीने आपसूक प्रजनन सोडतील, अशी आशाही आहे. सात वर्षांनी, १९३२ मध्ये, वेराक्रूस प्रांताने मनोरुग्ण आणि मंदबुद्धी माणसांच्या नसबंदीला वाट देणारा कायदा केला. करणारे सरकार पुरोगामी, शेतकऱ्यांचे कैवारी म्हणवणारे! उत्तरेकडच्या गोऱ्याने मेक्सिकनाला जो शिक्का मारला, तोच मेक्सिकोने आपल्यातल्या दुबळ्याच्या कपाळी मारला.

अमेरिकेतल्या मेक्सिकन तरुणांच्या चिकानो चळवळीने तेच केले. १९६९ मध्ये डेन्व्हरच्या युवक परिषदेत आस्तलान या हरवलेल्या मायभूमीचा जाहीरनामा झाला. तांबूस कातडीचा, ताठ कण्याचा, मुठी वळलेला तरुण पुरुष हे त्या राष्ट्राचे चित्र. त्याच परिषदेत स्त्रियांच्या बैठकीतून ठराव बाहेर आला की चिकाना स्त्रीला मुक्ती नको आहे. १९७१ मध्ये लाँग बीचला अना निएतो-गोमेस आणि तिच्या मैत्रिणींनी ‘इहास दे क्वाउतेमोक’ हे वृत्तपत्र काढले तेव्हा चळवळीतल्याच पुरुषांनी त्यांच्या लुटुपुटीच्या अंत्ययात्रा काढल्या. आणि इस्पितळात ज्यांची कूस बांधली गेली त्या बायांच्या मागे चळवळीतून उभे कोण राहिले? बायाच राहिल्या. ग्लोरिया मोलिना यांची कोमिसिओन फेमेनिल ही स्त्रियांची संघटना खटल्यात उतरली. राष्ट्राची गर्जना करणारे तेव्हा कुठे होते, हे आम्ही त्यांनाच विचारतो. ज्या राष्ट्राचा देह पुरुषाचा आणि निरोगी, त्या राष्ट्राला बाईचे पोट फाडले गेलेले दिसत नाही.

आता सोलेदादच्या त्या विजयाकडे वळू. आपली मुले मतिमंद नाहीत हे पालकांनी सिद्ध केले आणि ती त्या वर्गातून बाहेर आली. योग्यच झाले. पण त्या वर्गाचे काय? वर्षानुवर्षे खडू-फळ्याऐवजी रंगीत चित्रे कापत बसवणारा, पुढे कुठेच न नेणारा तो वर्ग तिथेच राहिला, आणि त्यात जी मुले खरोखर बुद्धीने मंद होती तीही राहिली. त्यांच्यातही मेक्सिकन मुले होती. त्यांच्यासाठी हा दावा नव्हता. आम्ही तुमच्यातले नाही, असे म्हणून सुटलेल्यांनी मागे दार लावून घेतले! आमचे म्हणणे स्वच्छ आहे. ‘आम्हाला खोटेच अपंग ठरवले’ ही तक्रार अर्धी आहे. खऱ्या अपंगालाही असे वागवता येणार नाही, हे म्हटल्याशिवाय ती पुरी होत नाही. आंद्रेया गार्सिया तल्लख असती तर तिची नसबंदी हा अन्याय, आणि खरोखर मंद असती तर ती न्याय्य? ज्याला या प्रश्नाचे उत्तर द्यायला क्षणभरही थांबावे लागते, त्याने सुप्रजननवाद्यांचा निकाल मान्य केलेला आहे. त्याची तक्रार फक्त चुकीच्या माणसाचे नाव यादीत गेले, एवढीच उरते.

हे ज्यांना कळले त्या बहुतेक स्त्रिया निघाल्या, आणि त्यांतल्या अनेक आजारी शरीराने लिहीत-रंगवत होत्या. टेक्सासच्या सीमेलगतच्या खोऱ्यातली, शेतमजूर घरातली लेखिका ग्लोरिया अंझाल्दुआ बालपणापासून अवेळी सुरू झालेल्या पाळीच्या यातना सोसत वाढली, पुढे गर्भाशय काढावे लागले, शेवटी मधुमेहाने २००४ मध्ये तिचा बळी घेतला. सीमेवर जगणाऱ्यांचे शरीर हीच जखम आहे, हे तिने स्वतःच्या देहावरून लिहिले आणि त्या जखमी देहाला आपल्या नव्या समाजातून वगळले नाही. चेरी मोरागा हिने मॅकफार्लंड गावात मुलांना झालेल्या कर्करोगावरून, द्राक्षबागांतल्या विषारी फवारणीविरुद्ध १९९२ मध्ये नाटक रंगभूमीवर आणले. त्याची नायिका सेरेसिता हिला धडच नाही, केवळ शिर आहे. घरातली माणसे तिला लाजेने लपवतात, आणि शेवटी गावाचा लढा तीच पुढे नेते. बळकट मुठीचा तरुण नव्हे, बिनधडाची मुलगी समाजाची पुढारी! चळवळीच्या सगळ्या पोस्टरांना याहून कठोर उत्तर आम्हाला माहीत नाही.

मेक्सिकन चित्रकार फ्रिदा कालो हिच्या नावाने तर जगभर बाजार भरला आहे. सहाव्या वर्षी पोलिओ, अठराव्या वर्षी बसचा अपघात, १९५३ मध्ये पाय कापला. १९५४ च्या जुलैत, मरणाच्या अकरा दिवस आधी, ती चाकाच्या खुर्चीतून ग्वातेमालातल्या अमेरिकी हस्तक्षेपाविरुद्धच्या मोर्चात गेली. तिच्या नावाची बाहुली २०१८ मध्ये निघाली तेव्हा जुळलेल्या भुवया पुसल्या गेल्या आणि अपंगत्वाचा मागमूस ठेवला नाही. नातलग न्यायालयात गेले आणि मेक्सिकोत तिची विक्री रोखली गेली. मेलेल्या बाईला पाय जोडून देणाऱ्या या दुनियेला जिवंत अपंग बाई बघवत नाही!

हे सारे जुने झाले असे कुणी म्हणेल तर त्याने पुढचे ऐकावे. कॅलिफोर्नियाने २०२१ मध्ये सक्तीच्या नसबंदीच्या बळींसाठी भरपाई मंजूर केली. सरकारी मनोरुग्णालये आणि तुरुंग यांतल्या बळींना ती मिळाली. लॉस एंजेलिसच्या त्या बायांना मिळाली नाही, कारण त्यांचे इस्पितळ राज्याचे नव्हते, काउंटीचे होते! काउंटीने २०१८ मध्ये माफी मागून घेतली होती, तेवढीच. जॉर्जियातल्या स्थलांतरितांच्या कोठडीत स्त्रियांवर अनावश्यक स्त्रीरोग-शस्त्रक्रिया झाल्याचे अमेरिकी सेनेटच्या समितीने २०२२ मध्ये नोंदवले. पेरूत फुजिमोरी राजवटीत १९९६ पासून अडीच लाखांहून अधिक स्त्रियांची नसबंदी झाली. त्यांतल्या हजारो जणींनी पुढे सक्तीची तक्रार केली. त्या बहुतेक केचुआ बोलणाऱ्या, गरीब, डोंगराळ भागातल्या. स्पेनमध्ये अपंग व्यक्तीची तिच्या संमतीशिवाय नसबंदी करणे कायद्याने बंद झाले ते २०२० मध्ये. आणि सरकारवर बोजा होईल अशा माणसाला प्रवेश नाही, हा १८८२ चा अमेरिकी नियम आजही जिवंत आहे. बदलत्या सरकारांनी तो कधी आवळला, कधी सैल केला, पण काढला कुणीच नाही.

बोटे तिकडे दाखवताना आमचे हात स्वच्छ आहेत काय? १९९४ साली शिरूरच्या शासकीय वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशये पुण्याच्या सरकारी रुग्णालयात काढण्यात आली. कारण काय, तर त्यांना पाळीची स्वच्छता राखता येत नाही! वसतिगृहात माणसे कमी, पाणी कमी, कपडे कमी. त्यावर उपाय मुलीच्या पोटात शोधला. बीडमध्ये ऊसतोड करणाऱ्या हजारो बायांची गर्भाशये काढली गेल्याचे २०१९ मध्ये विधिमंडळात गाजले. उचल फेडायची, खाडा पडला की दंड, मग पाळीच नको. इथेही वाकलेली कमर, इथेही मुकादम, इथेही कागदावरची सही.

म्हणून आमच्या मागण्या. कॅलिफोर्नियाने काउंटी आणि राज्य हा भेद मोडून लॉस एंजेलिसच्या त्या बायांपैकी ज्या हयात आहेत त्यांना पूर्ण भरपाई द्यावी. त्यांचे वय सत्तरीच्या आसपास किंवा पुढे गेले आहे, त्यांना थांबायला वेळ नाही. पेरूने भरपाईसाठी बायांना पुन्हा पुन्हा न्यायालयाच्या पायऱ्या चढायला लावू नये. कुठल्याही देशाने प्रवेशाच्या दारात माणसाचे हाड आणि बुद्धी मोजणे बंद करावे. आणि महाराष्ट्र सरकारने शिरूरच्या मुलींचे पुढे काय झाले, त्या कुठे आहेत, कोणत्या स्थितीत आहेत, याचा अहवाल विधिमंडळाच्या पटलावर ठेवावा.